हुकूमनाम्यानंतर

दिवाणी दाव्याचा निकाल लागला म्हणजे भांडण संपले, असे कोर्टाची पायरी न चढलेल्या माणसाला वाटते. ज्याने ती चढली आहे त्याला ठाऊक असते, की निकालाने कोणाचे कोणाकडे किती येणे आहे एवढेच ठरते. ते येणे पदरात पाडून घेण्याची वाट तेथून पुढे सुरू होते. वादीच्या हाती हुकूमनाम्याची नक्कल पडते. मग त्याने दरखास्त दाखल करावयाची, प्रतिवादीची मिळकत शोधून तिची यादी द्यावयाची, जप्तीचे वॉरंट काढवून घ्यावयाचे. नाझराच्या हुकमाने बेलिफ निघतो. आणि तो पोचेपर्यंत घरातले किडुकमिडुक शेजारी, बैल मेहुण्याच्या गोठ्यात आणि जमीन पुतण्याच्या नावावर गेलेली असते.

१८७२ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे एक अपील निकाली निघाले. त्यात बिहारमधील दरभंग्याचे संस्थान एक पक्ष होते. हिंदुस्थानातील पक्षकाराच्या अडचणी त्याला हुकूमनामा मिळाल्यानंतरच सुरू होतात, अशा आशयाचा शेरा न्यायाधीशांनी त्या निकालपत्रात मारला. दीडशे वर्षे उलटली तरी भारतातील न्यायालये हा शेरा वारंवार आठवतात, आणि दर वेळी तो ताजाच वाटतो.

परंतु हा शेरा एका बाजूचा आहे. तो दरखास्तदाराच्या बाजूने पाहतो. दुसऱ्या बाजूला बंद दारामागे ऋणको बसलेला असतो, आणि त्याच्याविषयी बाहेरून एवढेच कळते, की त्याने पैसे दिलेले नाहीत. तो देत नाही, की देऊ शकत नाही, हे दाराकडे पाहून समजत नाही. ऋणवसुलीचा भारतातील इतिहास हा बऱ्याच अंशी या दोन माणसांतला फरक ओळखण्याच्या प्रयत्नांचा, आणि तो न ओळखल्याने घडलेल्या अनर्थांचा इतिहास आहे.

*

प्राचीन धर्मशास्त्राने ऋण ही केवळ व्यवहाराची बाब मानली नाही. माणूस जन्मतःच देवांचा, ऋषींचा आणि पितरांचा ऋणी असतो, या कल्पनेच्या सावलीतच धनकोचे ऋणही उभे होते. बापाचे कर्ज फेडणे हे पुत्राचे धर्मकर्तव्य ठरले; बुडवलेले ऋण मेल्यावरही पाठ सोडत नाही, ही समजूत जनमानसात खोल रुजली. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात वसुलीचे पाच मार्ग सांगितले आहेत: समजावणी, दावा, युक्ती, रूढाचार आणि शेवटी बळ. त्याच अध्यायात मागणाऱ्याच्या हातालाही एक मर्यादा आहे. एका वेळी घ्यावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक होता कामा नये. महाराष्ट्रात हा नियम ‘दामदुप्पट’ या नावाने रूढ झाला, आणि इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनीही हिंदू ऋणकोंच्या बाबतीत तो मानला.

या पाच मार्गांतील रूढाचाराचा मार्ग पुढे ‘धरणे’ या नावाने देशभर प्रसिद्ध झाला. धनको ऋणकोच्या दारात उपाशी बसे. तो उपाशी असेतो घरच्यानेही जेवू नये, असा संकेत होता. धनको ब्राह्मण असला किंवा त्याने आपल्यातर्फे ब्राह्मणाला बसवले, म्हणजे धाक दुणावे. कारण दारात ब्रह्महत्या घडली तर तिचे पातक घरधन्याच्या माथी येणार. गव्हर्नर जनरल सर जॉन शोर यांनी काशीकडील या प्रथेचे वर्णन लिहून ठेवले आहे, आणि १७९५ साली कंपनी सरकारने बनारस प्रांतापुरता तिला कायद्याने बंदी घातली.

मराठी मुलखात याच प्रकाराला व्यापक अर्थाने ‘तगादा’ म्हणत. पेशवाई बुडाल्यानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ साली जो अहवाल सादर केला, त्यात तगाद्याच्या नाना तऱ्हा नोंदलेल्या आहेत. ऋणको बरोबरीचा किंवा खालचा असेल तर त्याला घराबाहेर पडू द्यावयाचे नाही, जेवू द्यावयाचे नाही, उन्हात बसवून ठेवावयाचे. तो वरचा असेल तर विनवणी करावयाची, उंबरठ्यावर आडवे पडावयाचे, वाटेत अडवावयाचे, दारात आरडाओरडा करावयाचा, शेवटी देवाला साकडे घालून शापवाणी उच्चारावयाची. टॉमस ब्रॉटन हा इंग्रज अधिकारी १८०९ च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या छावणीत होता. थकलेल्या पगारासाठी शिपाई आपल्या धन्याविरुद्धही धरणे धरीत, हे त्याने आपल्या पत्रांत लिहिले आहे.

या तगाद्यातून राज्यकर्तेही सुटले नव्हते. थोरला बाजीराव उत्तरेत मोहिमा जिंकत असताना सावकारांच्या देण्याने गांजला होता, हे त्याच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांवरून दिसते. थोरल्या माधवरावाने १७७२ साली थेऊर येथे अखेरच्या दुखण्यात जी कलमे लिहून ठेवली, त्यांत आपल्यामागे दौलतीचे कर्ज फेडले जावे ही इच्छा होती. कर्ज डोक्यावर ठेवून जाणे हे राज्यकर्त्यालाही कमीपणाचे वाटत होते.

तगाद्याची पद्धत क्रूर होती यात शंका नाही. तिच्यात न्यायनिवाड्याआधीच शिक्षा होती, आणि दुबळ्या ऋणकोला दाद नव्हती. परंतु तिचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्यासारखे आहे. धनको आणि ऋणको एकाच गावात, एकमेकांच्या डोळ्यांसमोर असत. ऋणकोच्या घरात काय शिजते, पेवात किती धान्य आहे, मुलीचे लग्न झाले की राहिले, हे दारात बसलेल्या माणसाला दिसत असे आणि गावालाही ठाऊक असे. देत नसलेला आणि देऊ न शकणारा यांतला फरक करण्यासाठी तेथे पुरावा लागत नव्हता. प्रकरण पंचायतीपुढे गेले, तरी तडजोड करणारे पंच त्याच पांढरीतले असत. आणि गावावर अवलंबून राहून सावकारी करणाऱ्याला, कूळ पुरते उठवून लावणे परवडणारे नव्हते. वसुलीचे शस्त्र धारदार होते. पण ते ज्याच्या हाती होते त्याचेही हात बांधलेले होते.

*

इंग्रजी राज्याने हे शस्त्र धनकोच्या हातून काढून स्वतःकडे घेतले. १८६० च्या दंडसंहितेत, दैवी कोपाची भीती घालून एखाद्याला काही करावयास लावणे हा गुन्हा ठरला, आणि त्याचे उदाहरण म्हणून कायद्याच्या कलमातच धरण्याचा दाखला दिला गेला. याच सुमारास, १८५९ साली, ब्रिटिश हिंदुस्थानातील दिवाणी न्यायालयांसाठी दिवाणी प्रक्रिया संहिता आली. आता धनकोने दारात बसावयाचे नव्हते. त्याने कोर्टात जावयाचे, खत दाखवावयाचे, हुकूमनामा घ्यावयाचा. आणि सरकारचा बेलिफ त्याच्यातर्फे जप्ती करील, लिलाव पुकारील, प्रसंगी ऋणकोला धरून दिवाणी तुरुंगात नेईल.

हेतू सुधारणेचा होता. उपास, उन्हात बसवणे, शिव्याशाप यांऐवजी कागद, साक्ष आणि निकाल आले. पण या बदलात बंद दाराकडे पाहणारा डोळा नाहीसा झाला. तालुक्याच्या गावी बसलेल्या मुनसफापुढे येत होते ते केवळ खत. खतावर अंगठा असला, सही असली, की रक्कम ठरली. कूळ समन्स मिळूनही हजर होत नसे. कोर्ट दूर होते, दिवस मोडत होता, वकिलाला पैसे नव्हते; आणि हजर होऊन सांगावयाचे काय, हेही त्याला कळत नव्हते. त्यामुळे दाव्यांमागून दावे एकतर्फी निकाली निघाले.

त्यातच १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने नोंदणी नसलेल्या खतावर दावा लावण्याची मुदत तीन वर्षांवर आणली. जुन्या कर्जांच्या कटकटीतून ऋणकोला सोडवावे, असा त्याचा उद्देश होता. परिणाम उलटा झाला. दर तीन वर्षांनी सावकार मुद्दल आणि थकलेले व्याज मिळून नवे खत लिहून घेऊ लागला. नव्या खतातले मुद्दल म्हणजे जुन्या खताचे व्याज. त्यावर पुन्हा व्याज. दामदुप्पटीचा नियम पुस्तकात होता, पण प्रत्येक नवे खत हा नवा व्यवहार मानला गेल्याने तो हाती लागत नव्हता.

हुकूमनाम्यालाही अशीच मुदत होती, आणि तिच्यातून आणखी एक युक्ती निघाली. तीन वर्षांच्या आत बजावणीचे काही पाऊल टाकले, की हुकूमनामा पुढे चालू राही. सावकार एक दरखास्त देई, ती पुढे नेत नसे. पुन्हा तीन वर्षे भरत आली की दुसरी देई. याला ‘हुकूमनामा जिवंत ठेवणे’ म्हणत. वसुली हा त्याचा हेतू नसेच. कूळ शेतात राबत राहावे, पीक घरी आणून घालावे, मागेल तेव्हा नवे खत लिहून द्यावे, यासाठी पेटीतला जिवंत हुकूमनामा पुरेसा होता. जप्तीपेक्षा जप्तीची भीती अधिक उत्पन्न देत होती. नंतरच्या संहितेने पैशाच्या हुकूमनाम्याला बारा वर्षांची बाहेरची मर्यादा घातली, तोवर या खेळाला अंतच नव्हता.

*

या पार्श्वभूमीवर दख्खनच्या पठारावर १८६० नंतरचे दशक आले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाचे भाव कडाडले, सावकारांनी हात सैल सोडला, कुळांनी कर्जे घेतली. युद्ध संपले, भाव कोसळले. १८६७ पासून इंदापूर तालुक्यापासून आरंभ करून जमीनमहसुलाची फेरआकारणी झाली आणि सारा वाढला. बाजार पडलेला, सारा चढलेला, आणि सावकार नवे कर्ज देईना. जुनी खते मात्र कोर्टात जाऊ लागली.

डिसेंबर १८७४ मध्ये पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात कर्डे येथे जे घडले, ते या सगळ्याचे सार म्हणता येईल. काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्यावर सुमारे दीडशे रुपयांच्या कर्जापोटी हुकूमनामा मिळवला, आणि त्याच्या बजावणीत देशमुखांचे घर पाडण्यास सुरुवात केली. कायद्याच्या दृष्टीने त्यात काहीही गैर नव्हते. निकाल होता, हुकूम होता, घर त्याच्या हक्काचे झाले होते. परंतु गावाने त्याकडे कायद्याच्या दृष्टीने पाहिले नाही. भिंती उतरवल्या जात असलेल्या पाहून गाव उठले, आणि त्याने जे केले ते तगाद्याचेच उलटे रूप होते. सावकारांची शेते कोणी करावयाची नाहीत, न्हाव्याने त्यांची हजामत करावयाची नाही, परटाने कपडे धुवावयाचे नाहीत, पाणक्याने पाणी भरावयाचे नाही. पूर्वी धनको ऋणकोची वाट अडवीत असे. आता ऋणको मंडळींनी धनकोची अडवली.

हा बहिष्कार गावोगाव पसरला. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे या बाजारपेठेच्या गावी भोवतालच्या खेड्यांतील माणसे जमली आणि दंगल उसळली. पुढील काही आठवड्यांत पुणे आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत तिचे लोण गेले. दुकाने लुटली गेली, काही घरे जळाली. परंतु जमावाचा रोख बहुतेक ठिकाणी एकाच गोष्टीवर होता. त्याला खते, वह्या आणि हुकूमनामे हवे होते. जेथे सावकाराने ते मुकाट्याने दिले तेथे होळी झाली ती कागदांची. सावकाराच्या अंगाला सहसा हात लागला नाही. मोठा जमाव, मोठा राग, आणि जीवहानी जवळजवळ नाही, हे पाहून इंग्रज अधिकारीही चकित झाले. पोलीस आणि फौज धाडून शांतता राखली गेली. ९५१ माणसांना अटक झाली.

कागद जाळण्यामागे भाबडेपणा होता हे खरे. कोर्टाच्या दप्तरातील नोंद सुप्याच्या पेठेत जळत नाही. पण त्यात एक अचूक जाणही होती. कुळाला माणसाशी भांडावयाचे नव्हते. त्याच्या दारात आता माणूस बसलेला नव्हता, कागद बसला होता. म्हणून त्याने कागदाशीच हिशेब केला. त्याच वर्षी, १८७५ मध्येच, लंडनमध्ये सर हेन्री मेन यांचे प्राचीन संस्थांच्या इतिहासावरील व्याख्यानांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. पूर्वी व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदेमंत्री राहिलेल्या मेन यांनी त्यात हिंदुस्थानातील धरण्याची तुलना आयर्लंडच्या प्राचीन कायद्यातील उपोषणाशी केली आहे. विद्वानांच्या लेखी धरणे हा संपलेल्या जगाचा अवशेष झाला होता. त्याची जागा ज्याने घेतली त्याविरुद्ध दख्खनमध्ये त्याच वर्षी माणसे उठली होती.

*

सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे आला. साऱ्याचा बोजा हे दंगलीचे मुख्य कारण मानण्यास सरकार तयार नव्हते. आयोगाचे सदस्य ऑकलंड कॉल्व्हिन यांनी मात्र फेरआकारणीकडे बोट दाखवले. वसुलीच्या कायद्याविषयी आयोगाला जे दिसले ते नाकारणे कोणालाच शक्य नव्हते. एकतर्फी निकाल, फुगवलेली खते, तुरुंगाच्या धाकाने लिहून घेतलेली नवी खते, सारे दप्तरात होते. सर रेमंड वेस्ट यांच्यासारख्या मुंबई इलाख्यातील न्यायाधीशाने, कर्जापोटी शेतकऱ्याची जमीन विकू देणारा कायदाच मुळात तपासला पाहिजे, असे दंगलीच्या आधीच लिहून ठेवले होते.

१८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्यार्थ कायदा झाला. कायदेकौन्सिलात तो थिओडोर होप यांनी मांडला. आरंभी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झालेल्या या कायद्याने पूर्वीच्या पद्धतीची अनेक सूत्रे उलटी केली. न्यायाधीशाने खतावर थांबावयाचे नाही. खताच्या मागे जाऊन पहिला पैसा केव्हा दिला, व्याज किती चढले, फेड किती झाली, याचा सारा इतिहास तपासावयाचा. व्याज दामदुप्पटीच्या आत ठेवावयाचे. देण्याचे हप्ते बांधून द्यावयाचे. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला तुरुंगात घालावयाचे नाही. स्पष्टपणे गहाण दिलेली नसेल तर त्याची जमीन लिलावात काढावयाची नाही. दाव्याआधी समेट घडवणारे पंच नेमले गेले, खते गावच्या निबंधकासमोर व्हावीत अशी तजवीज झाली, आणि वारंवार नवे खत करण्याची गरज उरू नये म्हणून खतांची मुदत वाढवण्यात आली.

कायद्याने मुनसफाला पुन्हा दाराच्या आत पाहावयास सांगितले, हे या कायद्याचे मर्म होय. तो राबवण्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा मोठा वाटा होता. १८९३ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. त्यापूर्वी या कायद्याखालील विशेष न्यायाधीश म्हणून ते या जिल्ह्यांतून फिरतीवर असत आणि खालच्या न्यायालयांचे निकाल तपासत. त्या फिरतीचे दिवस रमाबाई रानडे यांच्या आठवणींत आलेले आहेत.

परंतु कायद्याला सावकाराचीही बुद्धी लाभली. कर्जाचे खत तपासले जाते, मग कर्जाचे खत करावयाचेच कशाला? जमिनीचे सरळ खरेदीखत लिहून घ्यावे, आणि पैसे फेडल्यावर जमीन परत देऊ असे तोंडी सांगावे. कागदावर विक्री, मनात गहाण. ती मनातली गोष्ट शोधण्याची मुभा न्यायालयांना देण्यासाठी कायद्यात पुन्हा दुरुस्ती करावी लागली. उलट अंगाने, देण्याची ऐपत असलेले अनेक जण ‘शेतकरी’ या व्याख्येत शिरून हप्त्यांची आणि सवलतींची ढाल पुढे करू लागले. जो देऊ शकत नाही त्याच्यासाठी बांधलेल्या आडोशाला, जो देत नाही तोही येऊन उभा राहिला.

दख्खनची ही कहाणी एकट्या दख्खनची नव्हती, हे त्या काळच्या आणि नंतरच्या भारतीय साहित्यात दिसते. महात्मा फुल्यांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात कर्ज, कचेरी आणि कोर्ट यांच्या जाळ्यात सापडलेला शेतकरी उभा केला. ओरिसात फकीरमोहन सेनापतींच्या ‘छ माण आठ गुंठ’ या कादंबरीत भगिया विणकराची जमीन मंगराज कर्जाच्या वाटेनेच गिळतो. प्रेमचंदांच्या ‘सवा सेर गेहूँ’ या कथेत अतिथीसाठी उसने घेतलेले सव्वा शेर गहू वाढत वाढत शंकरचे सारे आयुष्य खातात, आणि त्याच्यामागे मुलाच्या मानेवर बसतात. प्रांत वेगळे, भाषा वेगळ्या; कर्जाचा कागद मात्र तिन्हीकडे सारखाच वागतो.

*

१९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता अनेक दुरुस्त्यांसह अद्याप चालू आहे. तिच्या एकविसाव्या आदेशात केवळ बजावणीसाठी शंभराहून अधिक नियम आहेत. ते वाचताना मागच्या शतकाचे अनुभव जागोजाग जाणवतात.

साठाव्या कलमात काय जप्त करता येणार नाही याची यादी आहे. ऋणको, त्याची बायको आणि मुले यांचे अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूणपांघरूण, धर्माचाराप्रमाणे स्त्रीला अंगावरून उतरवता न येणारे दागिने, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची औते, बैल आणि बियाणे, शेतकऱ्याचे राहते घर. कर्डे येथील घराला जे संरक्षण मिळाले नाही, ते येथे कायद्याच्या ओळीत उतरले आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बेलिफाने घरात शिरू नये, पडद्यातील स्त्रियांना बाजूला होण्यास अवधी द्यावा, पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करू नये, हेही त्यात आहे. ऋणकोला दिवाणी तुरुंगात ठेवावयाचे असेल तर त्याच्या पोटाचा भत्ता हुकूमनामाधारकाने भरावयाचा असतो. स्वतः उपाशी बसून ऋणकोला उपाशी ठेवणाऱ्या धनकोला आता त्याच्या भाकरीचे पैसे कोर्टात मोजावे लागतात.

तुरुंगाचा प्रश्न मात्र अधिक काळ रेंगाळला. कामगारविषयक रॉयल कमिशनने १९३१ मध्ये अल्प वेतनाच्या कामगारांना कर्जासाठी तुरुंगात टाकण्याविरुद्ध शिफारस केली. त्यानंतर १९३६ च्या दुरुस्तीने एक्कावन्नाव्या कलमाला परंतुक जोडले गेले. ऋणको पळून जाण्याच्या बेतात आहे, त्याने मालमत्ता दडवली आहे, किंवा ऐपत असून तो देण्याचे नाकारतो आहे, अशी खात्री कारणे लिहून पटवल्याशिवाय त्याला तुरुंगात धाडता येणार नाही. १८७५ मध्ये ज्या प्रश्नावर दंगल झाली, तो प्रश्न न्यायाधीशाने निकालाआधी स्वतःला विचारलाच पाहिजे, असे कायद्याने प्रथमच देशभरासाठी सांगितले.

तरी सवय लवकर जात नाही. केरळातील दोन ऋणकोंविरुद्ध एका बँकेच्या हुकूमनाम्यापोटी अटकेचे वॉरंट निघाले, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी १९८० साली दिलेल्या निकालात ते वॉरंट रद्द झाले. करार पाळता न आल्याच्या एकट्या कारणावरून कोणाला कैद करू नये, असे सांगणारा नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९७९ मध्ये स्वीकारला होता. त्याचा आधार घेऊन न्यायालयाने म्हटले, की एकेकाळी ऐपत होती एवढे पुरेसे नाही. नंतर ती राहिली का, आणि न देण्यामागे अप्रामाणिकपणा आहे का, हे पाहिले पाहिजे. दारिद्र्य हा गुन्हा नव्हे, आणि गरिबाला कर्जासाठी तुरुंगात घालणे घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदाशी विसंगत आहे, हे सूत्र त्यातून प्रस्थापित झाले.

पुत्राच्या धर्मकर्तव्याचा धागाही पुढे कायद्याने सोडवला. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर, बाप, आजा किंवा पणजा यांच्या नव्या कर्जासाठी केवळ धर्मकर्तव्याच्या आधारे मुलानातवंडांवर वसुली करण्यास न्यायालय मान्यता देत नाही. मृत ऋणकोचे देणे त्याच्या मागे राहिलेल्या मिळकतीपुरते वारसांकडे येते. त्यांच्या जन्मापुरते येत नाही.

*

एवढे संरक्षण उभे राहिल्यावर प्रिव्ही कौन्सिलचा शेरा पुन्हा समोर येतो. आज दरखास्तदार म्हणून कोर्टात उभा असलेला माणूस सावकारच असतो असे नाही. पगार बुडालेला कारकून, पोटगीचा हुकूम मिळालेली स्त्री, घराचा ताबा जिंकलेला म्हातारा, मालाचे पैसे थकलेला लहान दुकानदार, यांच्याही हाती तोच कागद असतो. आणि समोरचा दर वेळी कर्डे येथील देशमुख नसतो. निकालाचा वास लागताच मिळकत नातेवाइकांच्या नावे करणारा, जप्तीच्या दिवशी तिऱ्हाइताकडून हक्काचा अर्ज करवणारा, तो फेटाळला की अपील, अपील फेटाळले की दुसरा अर्ज अशी साखळी लांबवणारा ऋणको, गरिबासाठी बांधलेली प्रत्येक भिंत वापरून घेतो. धनकोंना चकवण्यासाठी केलेले हस्तांतर रद्द ठरवण्याची सोय १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आहे. ऋणकोला शपथेवर आपल्या मिळकतीची यादी सांगावयास लावण्याची सोय संहितेत आहे. १९६३ च्या मुदत कायद्याने दर तीन वर्षांच्या पावलांची अट काढून हुकूमनाम्याला सरळ बारा वर्षे दिली. शस्त्रे आहेत, ती चालवण्यास लागणारा वेळच वसुली खाऊन टाकतो.

२०२१ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दरखास्त दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत ती निकाली काढावी, आणि विलंब झाला तर त्याची कारणे लेखी नोंदवावीत, असा आदेश दिला. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने सर्व उच्च न्यायालयांकडून आकडे मागवले, तेव्हा देशभर ८ लाख ८२ हजारांहून अधिक दरखास्ती पडून असल्याचे उघड झाले. त्यांत सर्वाधिक, ३ लाख ४१ हजारांच्या घरात, मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रातील होत्या. कर्डे आणि सुपे याच क्षेत्रात येतात. दीडशे वर्षांपूर्वी तेथे बजावणी अतिवेगाने आणि आंधळेपणाने होत होती. आता ती होत नाही, ही तक्रार आहे.

दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. १८७४ चे न्यायालय ऋणकोच्या घरात पाहत नव्हते, म्हणून देऊ न शकणाऱ्याचे घर पडले. आजचे न्यायालयही वेळेवर पाहत नाही, म्हणून न देणाऱ्याचे घर सुरक्षित राहते. दंगलीनंतरच्या कायद्याचा धडा ऋणकोला सूट देण्याचा नव्हता; चौकशी करा, हा होता. मिळकतीची चौकशी निकालाबरोबरच, नेटाने आणि लवकर झाली, तर त्या दोन माणसांना वेगळे करणे कठीण नसते. ती दहा वर्षांनी झाली, तर न देणाऱ्याची मिळकत नाहीशी झालेली असते, आणि देऊ न शकणाऱ्याचे व्याज डोंगराएवढे झालेले असते.

धरणे हा शब्द मात्र टिकला. सावकाराच्या हातून कायद्याने तो काढून घेतला. पुढे तो ज्यांचे सरकारकडे, मालकाकडे किंवा समाजाकडे काही येणे आहे असे त्यांना वाटते, त्यांनी उचलला. मंत्रालयासमोर, कारखान्याच्या फाटकाशी, जिल्हा कचेरीच्या दारात माणसे आजही धरणे धरून बसतात. हाती हुकूम आहे, पण हाती काही पडत नाही, असे झाले की माणूस अखेर दारातच येऊन बसतो. ती वेळ येऊ नये, यासाठीच कोर्टे स्थापन झाली होती.